सोमथांगच्या राजाचं तर्पण

काशीच्या बालाजी घाटावर ढुंढिराजशास्त्री खरवंडीकर श्राद्ध-तर्पण सांगत. आवाज खणखणीत, स्वभाव मात्र भिडस्त. शेजारच्या एका डोंगरी देशाच्या राजघराण्याचं उपाध्येपण त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं.

एकोणीसशे साठच्या दशकातली गोष्ट. सोमथांगच्या खोऱ्यावरून त्या देशाचं आणि आपलं सैन्य समोरासमोर उभं ठाकलं होतं. तिथले तरुण राजे दिल्लीला आले. इथल्या पंतप्रधानांना त्यांनी शब्द दिला, त्यांचा घेतलाही: निकाल लागेपर्यंत कुणी सैन्य पुढे आणायचं नाही, खोऱ्यावर हक्क सांगायचा नाही. तिथून ते वडिलांच्या श्राद्धाला काशीला यायचे होते.

आदल्या दिवशी एक सरकारी अधिकारी शास्त्रीबुवांच्या दारात आला. "पंडितजी, कल उनके पिताजी की उपाधि मत बोलिएगा."

थोरले राजे स्वतःला 'सोमथांगाधिपती' म्हणवत. त्यांच्या नावापुढे तर्पणात ते बिरुद दरवेळी लागे.

"गेलेल्या माणसाला अर्धवट हाक कशी मारू गं?" शास्त्रीबुवांनी बायकोला विचारलं.

"आणि तुमच्या एका शब्दानं तिकडे बंदुका उडाल्या म्हणजे?" बकुळाबाई म्हणाल्या. त्या दिवशी शास्त्रीबुवांना घास गोड लागला नाही.

सकाळी घाटावर ही गर्दी! होड्यांमधून फोटोवाले, पायऱ्यांवर दोन्हीकडचे अधिकारी. राजे धोतर नेसून गुडघाभर गार पाण्यात उभे राहिले. शास्त्रीबुवांनी गोत्र उच्चारलं, नावापाशी आले आणि त्यांची जीभच अडली.

राजांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. मग स्वतःच, स्पष्ट आवाजात, वडिलांचं नुसतं नाव घेतलं आणि ओंजळीतलं तिळाचं पाणी सोडलं.

"महाराज, उपाधि?" शास्त्रीबुवा कसेबसे पुटपुटले.

राजे हळूच हिंदीत म्हणाले, "पंडितजी, तो मुलूख वडिलांनी रक्त सांडून मिळवला. त्याचं नाव अगदी ओठांवर आलंय. पण परवा मी शब्द देऊन आलोय. तो गंगेत उभं राहून मोडला, तर हे पाणी त्यांना पोचेल का?"

त्यांनी पुन्हा ओंजळ भरली.

राजेरजवाड्यांचे करार म्हणजे वर्तमानपत्रातल्या गोष्टी, असंच शास्त्रीबुवा आजवर समजत होते. बर्फात उभी असलेली ती हजारो पोरं एका माणसानं गिळलेल्या बिरुदावर तगून आहेत, हे त्यांना समोर दिसत होतं. विधी आटोपल्यावर राजे पाया पडायला वाकले, तेव्हा शास्त्रीबुवांना आशीर्वादाचा मंत्रच आठवेना. त्यांनी नुसता डोक्यावर हात ठेवला.

घरी आल्यावर बकुळाबाईंनी विचारलं, "काय झालं हो?"

"अगं, माणूस केवढा मोठा असतो!" एवढंच बोलून ते ओल्या धोतरानं तसेच बसून राहिले.

चैत्रात रेडिओनं सांगितलं, दोन्ही फौजा माघारी फिरल्या. खोऱ्याचा निकाल शास्त्रीबुवांच्या हयातीत लागला नाही. पण ते राजे गादीवर होते तोवर तिथं एकही गोळी सुटली नाही.