हौद्याचा शेवटचा बोल्ट

धडाकेमामाचा हात त्याच्या शब्दाआधी उठे. दार उघडायचे ते लाथेने, कवठ फोडायचे ते लॉरीच्या मडगार्डावर आणि भांडण मिटवायचे ते समोरच्याच्या कानशिलावर. माझ्या आईचा हा थोरला भाऊ. एक जुनी छोटी लॉरी घेऊन तो शहापुरात राहायला आला आणि त्याचे खरे नाव तिच्या धडधडाटात बुडून गेले. मला मात्र त्या हातांचे भय कधी वाटले नाही. फुटलेल्या कवठाचा आंबटगोड गर तो त्याच तळहातावर माझ्यापुढे धरी, आणि त्या गराला पेट्रोलचा पुसट वास येई. आजही त्या वासावाचून कवठ मला अर्धेच पिकलेले वाटते.

धसईच्या बाजारात एकदा कुणा दलालाने हसत विचारले, "ही लॉरी हाय का म्हातारी म्हैस?" मामाने त्याची मानगूट पकडली आणि त्याचे तोंड उकळत्या रेडिएटरच्या वाफेत दाबले. "ऐक, म्हैस काय म्हणते ती!" दलालाचा गाल सोलून निघाला. घरी हे कळल्यावर मामी इतकेच म्हणाली, "वाफेवर मोदक उकडतात हो, माणसं नाय." मामाने जेवणाचे ताट भिंतीवर भिरकावले. भिंतीवरून आमटीचे ओघळ उतरले आणि आम्ही मुले फोडणीच्या त्या दरवळात श्वास रोखून बसलो.

त्या लॉरीची पेट्रोलची टाकी मागच्या लाकडी हौद्याखाली दडलेली होती. टाकीत गंज साचला की इंजिन धापा टाकू लागे, आणि टाकीपर्यंत पोचायचे तर सारा हौदा चासीच्या लोखंडी सांगाड्यावरून उतरवावा लागे. वरून एकाने बोल्ट सोडवायचा, खाली उताणे पडून दुसऱ्याने नट पान्यात धरायचा. वर मामा असे, खाली त्याचा धाकटा भाऊ सखा. सखामामाची रीत निराळी होती. आदल्या संध्याकाळी तो गंजलेल्या बोल्टांवर करंजाचे तेल सोडी आणि लोखंडाला रात्रभर मुरू देई. मामाला ती वाट पाहणे सोसत नसे. "लोखंडाला लाड कळत नाय, मार कळतो," असे म्हणत तो छिन्नी टेकवी आणि घण हाणी. प्रत्येक घावासरशी आमच्या दातांत कळ उठे.

लढाईच्या वर्षांतला तो चैत्र होता. धसईला सुक्या गवताचे भारे लॉरीची वाट पाहत होते. अंगण तापले होते, आणि हौद्याखालून सखामामाचा आवाज आला, "दादा, टाकी गळते रे. माझ्या पाठीखालची माती वली झाली. आजचा दिस तेल घालून ठेवू."

"मग धसईचं गवत काय तुझा बाप आणील?"

"तुमचा आन् त्याचा बाप एकच हाय," मामी उंबऱ्यातून म्हणाली. हौद्याखालून सखामामाचे हसू ऐकू आले.

एकच बोल्ट उरला होता. मामाने घण उचलला. छिन्नीवरून एक ठिणगी उडाली, नखाएवढीही नसेल, आणि पुढच्या क्षणी लॉरीच्या पोटातून ज्वाळांचा लोट बाहेर फुटला. मामा खाली फेकला गेला. सुटलेला हौदा एका अंगाला घसरला आणि त्याचा कोपरा सखामामाच्या पायावर बसला. त्या किंकाळीला माणसाचा आवाज म्हणवत नव्हते. जो उचलायला सहा गडी लागत, तो हौदा मामाने एकट्याने उचलून धरला. तापलेल्या लोखंडी पट्ट्यांवर त्याचे तळहात चरचरले, तो वास अंगणभर पसरला. पण हात सुटले नाहीत. छिन्नीने अर्धा कापलेला बोल्ट कडकन तुटला, हौदा पलीकडे कोसळला आणि शेजाऱ्यांनी सखामामाला ओढून ओल्या पोत्यांत गुंडाळले.

सखामामा वाचला, एक पाय मात्र कायमचा वाकडा झाला. मामाच्या तळहातांची कातडी जून सालीसारखी आवळून गेली, मूठ पुन्हा कधी वळली नाही. लॉरीला नवी टाकी, नवा हौदा, नवे बोल्ट आले. रोज संध्याकाळी मामा तेलाची वाटी घेऊन त्या आखडलेल्या बोटांनी एकेका बोल्टावर थेंब सोडी. मग ओसरीवर भावाजवळ बसून म्हणे, "सख्या, एकदा हाण रे मला. एकदाच."

"चहा निवला दादा, पी," सखामामा म्हणे.

हे मी किती वेळा ऐकले! मार देण्यात आयुष्य गेलेला तो माणूस एका फटक्यासाठी तिष्ठत होता, आणि तो फटका त्याला मिळत नव्हता.

पुढे बऱ्याच वर्षांनी मामा तापाने गेला. तेराव्यानंतर शेणवे गावचा एक माणूस लॉरी घ्यायला आला आणि म्हणाला, टाकी पाहिल्याशिवाय घेणार नाही. सखामामाने खालचे नट काढले आणि लंगडत तो हौद्यावर चढला. इतक्या वर्षांचे तेल प्यालेले बोल्ट त्याच्या बोटांनीच फिरले, एकामागून एक, लोण्यातून काढावेत तसे. शेवटचा उरला. त्यालाही बोट लावले असते तर पुरले असते.

सखामामाने घण मागितला.

पहिल्या घावाला अंगणातले कावळे उडाले. दुसऱ्याला हौद्याची फळी चिरली. शेणव्याचा माणूस पुढे झाला, तशी मामीने हात आडवा धरला. आयुष्यात कुणावर हातही न उगारलेला सखामामा दोन्ही हातांनी घण उचलून हाणत होता, आणि प्रत्येक घावाबरोबर त्याच्या छातीतून फुटत होते, "घे, दादा! घे! घे!"