भानुमतीबाईंची सही

दवाखान्यांची एक रीत असते. पेशंट म्हातारा असला की फाइल मुलाच्या हातात, बोलणं मुलाशी, आणि ज्याचं दुखणं तो बाहेरच्या बाकावर. कांचघर मोहल्ल्यातल्या भानुमतीबाई गद्र्यांना ही रीत मुळीच मान्य नव्हती. संरक्षण कारखान्यात तीस वर्षं त्यांनी माल तपासला होता. भल्याभल्या फोरमनांना त्यांनी घाम फोडला होता.

त्या दिवशी विजय नगरच्या डॉक्टरीणबाई त्यांच्या मुलाला, शशिकांतला म्हणाल्या, "माताजी को जरा बाहर बिठा दीजिए."

"मी नाही जात," बाई म्हणाल्या. "किडनी मेरी है. जो बोलना है, मुझसे बोलिए."

शशिकांत कानकोंडा झाला. त्यानं सगळं ठरवून टाकलं होतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस, आणि सोबतीला सुट्टी काढून तो स्वतः. आईला विचारायचं तेवढं राहिलं होतं!

डॉक्टरीणबाई मात्र समजूतदार निघाल्या. खुर्ची जवळ ओढून त्यांनी सगळं सरळ सांगितलं. मशीननं आयुष्य कदाचित थोडं वाढेल. पण वय शहात्तर, हृदय कमजोर, वाढलेले दिवस बरेचसे दवाखान्यातच जातील. मशीन नको म्हटलं तर काही महिने, फार तर वर्ष. पण उपचार थांबणार नाहीत. खाज, धाप, मळमळ यांवर औषधं मिळतील, नर्स घरी येईल.

"मग मशीन नको."

"आई, असं काहून बोलून राहिली तू? लोक म्हणतील, पोरानं आईला मरू दिलं."

"लोकांना बसव मशीनवर. मला माझ्या घरात राहायचंय."

डॉक्टरीणबाईंनी तसं लिहिलं आणि सवयीनं कागद शशिकांतपुढे सरकवला. बाईंनी तो ओढून घेतला, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि सही ठोकली. भीती त्यांनाही वाटत होती. पण भीतीपोटी आपला जीव दुसऱ्याच्या हवाली करणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

परतताना रिक्षात शशिकांत हुंदके देऊन रडला. "मग मी काय करू, आई? नुसतं बघत राहू?"

"हप्त्यातून तीन दिवस माझ्याजवळ बसणार होतास ना? मशीन नाही म्हणून काय झालं? बस की घरी."

सोमवारी त्यानं खरंच सुट्टी टाकली. बाईंनी त्याला मटार सोलायला बसवलं, आणि तो दाणे सांडतो म्हणून दिवसभर त्याच्यावर ओरडत राहिल्या.