शंभरातल्या बावीस पेशी

रक्ततपासणीच्या खोलीत सगळे तिला ‘मगपुढे ताई’ म्हणत. कुणी काहीही सांगितलं की तिचा प्रश्न ठरलेला, “बरं, मग पुढे?” सव्वीस वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली होती, तरी ही खोड काही गेली नव्हती. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. “आमच्या घरात दोघांच्याही डोळ्याला भिंग, म्हणून जाळीजळमटं कुणालाच दिसत नाहीत,” असं तो पाहुण्यांना ऐकवायचा.

त्या सकाळी तिच्यापुढे सहा वर्षांच्या एका मुलीच्या अस्थिमज्जेची काचपट्टी होती. मुलीचा रक्ताचा कर्करोग औषधांनी हटला होता, उपचार संपून दोन महिने झाले होते. ताईनं मोजणीचं बटण टकटक दाबत शंभर पेशी मोजल्या. त्यातल्या बावीस कोवळ्या निघाल्या, गोल, आत गडद केंद्र. “आजार उलटलाय असं वाटतंय,” तिनं डॉक्टरांना कळवलं. मुलीला दाखल करायच्या तयारीनं दुपारीच यायला डॉक्टरांनी तिच्या आईला सांगितलं.

झालं, ताईचं काम संपलं. पण डबा उघडला तरी घास उतरेना. या बावीस जणींचं मग पुढे काय होणार होतं? ‘बी’ पेशी, म्हणजे रोगाशी लढणारी पांढरी पेशी, काही जन्मतःच कामाला लागत नाही. आधी ती आपल्या रिसेप्टरचा, म्हणजे शत्रू ओळखायच्या पंजाचा, अर्धा भाग बसवते. तो नीट बसला की आतून इशारा मिळतो, ‘वाढ!’ मग इशारा थांबतो आणि ती उरलेला अर्धा भाग बसवायला घेते. कर्करोगाची पेशी मात्र एकाच पायरीवर अडून बसते आणि नुसती वाढत सुटते. पण औषधांनी मज्जा रिकामी झाली की निरोगी कोवळ्या पेशीही अशाच झुंडीनं येतात. भिंगाखाली दोघी सारख्याच. ताईला हे माहीत नव्हतं असं नाही. बावीसचा आकडा पाहून ती घाबरली होती, एवढंच.

डबा तसाच टाकून ती मज्जेचा उरलेला नमुना घेऊन शेजारच्या खोलीत गेली. तिथे रंग लावलेल्या पेशी एकेक करून तपासणारं यंत्र होतं.

“हा नमुना आत्ता लावाल का?”

“रांग आहे ताई, उद्या लावतो,” यंत्रावरचे गृहस्थ म्हणाले.

“आई सामान घेऊन निघालीसुद्धा असेल. माझी चूक असेल तर मला आजच कळू दे.”

त्यांनी नमुना लावला. थोड्या वेळानं पडद्यावर ठिपके उमटू लागले, एका पेशीचा एक. ते एका गठ्ठ्यात आले, तर पेशी सगळ्या एकाच पायरीवर अडलेल्या, म्हणजे कर्करोगच. ताई श्वास रोखून बघत राहिली. ठिपके गठ्ठ्यात काही येईनात. खालून वर वळत त्यांची लांब रांग गेली. नुकत्याच जन्मलेल्या, अर्धा पंजा बसवलेल्या, पुऱ्या झालेल्या, सगळ्या वयाच्या पेशी तिथे होत्या.

“अगं बाई, या चालल्यात की पुढे!” ती ओरडलीच.

डॉक्टरांनी पडदा दोनदा पाहिला आणि ताईला सोबत घेऊनच ते बाहेर गेले. बाकावर मुलीला घेऊन आई बसली होती, पायाशी कपड्यांची पिशवी. मुलीला नुकतेच बोटभर केस आले होते. तेही आता पुन्हा जाणार म्हणून आईनं त्यातली क्लिप काढून मुठीत घट्ट धरली होती.

“पेशी निरोगी आहेत. सकाळी चुकीचं मीच सांगितलं,” ताई म्हणाली. तिला फार लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त आनंद झाला होता.

आईनं मूठ उघडली आणि क्लिप पुन्हा मुलीच्या केसांत लावली.

“आई, वाकडी लावलीस,” मुलगी म्हणाली.