मागचे दोन टायर

आमच्या ऑफिसच्या जीपला मागे कोणते टायर बसवायचे, हे मी ठरवलं होतं. ड्रायव्हरने नाही आणि मोठ्या साहेबांनीही नाही. चौकशीत मी एवढं एक वाक्य बोललो असतो तर एका माणसाची नोकरी वाचली असती. मी ते बोललो नाही. ते मला का जमलं नाही, हे आता पन्नाशीत लिहून काढतो आहे.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं होती. सिल्वासात कारखान्यांच्या शेड उभ्या राहत होत्या आणि आमचं सरकारी ऑफिस आतल्या गावांमधले हातपंप सांभाळत होतं. मी रत्नागिरीकडून स्टोअरकीपर म्हणून आलो होतो. लग्न नुकतंच झालं होतं आणि टोकरखाड्याला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं होतं. पाइप, वॉशर, साखळ्या, ग्रीस, टायर या सगळ्याचा हिशेब माझ्या रजिस्टरात असे. अक्षर चांगलं होतं. त्याचा मला अभिमान होता.

जीप एकच होती, चारही चाकांना जोर देणारी. गिअरच्या दांड्याशेजारी एक लहान दांडा होता. तो ओढला की पुढची चाकंही इंजिनाला जोडली जात. ऑफिसात त्याला ‘फोर-व्हील टाकणं’ म्हणत. खानवेलच्या पुढे पावसाळ्यात ते टाकल्याशिवाय गाडी चिखलातून निघत नसे.

ड्रायव्हर सुरंगी गावचा होता. आठ वर्षं रोजंदारीवर. महिन्याच्या शेवटी मस्टरवर सही, मग पुन्हा पुढचा महिना. त्या वर्षी रोजंदारीवरच्या लोकांना कायम करण्याची यादी वर गेली होती आणि त्यात त्याचं नाव होतं. तो माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा होता. मी त्याला अरे-तुरे करायचो आणि तो मला साहेब म्हणायचा. तेव्हा त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

जीपचे मागचे दोन टायर संपले होते. मूळ माप सहाशे-सोळा. माझ्या स्टोअरमध्ये साडेसहाशे-सोळाचे दोन कोरे टायर तीन वर्षं पडून होते. ते एका ट्रेलरसाठी आणलेले होते आणि तो ट्रेलर लिलावात गेला होता. ऑडिटवाल्यांनी त्यावर शेरा मारला होता की माल विनाकारण पडून आहे. रिम तीच, सोळाची, त्यामुळे टायर बसत होते. मापात जरा मोठे होते एवढंच. मला वाटलं, मागून गाडी थोडी उंच राहील, दगडधोंड्यांत बरंच. पुढचे दोन अर्धे झिजले होते, पण अजून एक पावसाळा निघाला असता. चार नवे मागवायचे तर वरून मंजुरी आणावी लागणार होती. मी टिपण लिहिलं, साहेबांनी सही केली आणि वर म्हणाले, “डोकं चालवलंस.” मी रजिस्टरात दोन टायर खर्ची टाकले.

ड्रायव्हरने टायर बसवले आणि तासाभराने माझ्या टेबलापाशी आला. हातात सुतळी होती.

“साहेब, जरा शेडमध्ये या.”

“काय झालं?”

“या तर. लांब नाय.”

जीप जॅकवर होती. त्याने मागच्या चाकाभोवती सुतळी फिरवून एक गाठ मारली होती. मग तीच सुतळी पुढच्या चाकाभोवती फिरवून दुसरी गाठ. दोन गाठींमधल्या अंतरावर त्याने स्वतःची बोटं टेकवली. आठ बोटं.

“पुढचे पाय म्हाताऱ्याचे नी मागचे जवानाचे,” तो म्हणाला. “एकाच बैलाला असं चालंल का?”

“अरे, मोठा टायर चांगलाच की. चिखलात उंच राहील.”

“फोर-व्हील नाय टाकली तर चालंल. टाकली का भांडण सुरू. एका फेऱ्यात मागचं चाक आठ बोटं जास्त जातं. पुढचं म्हणतं थांब, मागचं म्हणतं चल. चिखलात चाक सरकतं, भांडण सुटतं. डांबरावर कुठं सुटायचं? गाडीखालचे दांडे मोडतील. चारी एका मापाचे पाहिजेत.”

“तू इंजिनियर कधी झालास रे?”

“इंजिनियर झालो असतो तर तुम्हाला सांगायला कशाला आलो असतो? सही करून मोकळा झालो असतो.”

शेडमधला शिपाई हसला. मला राग आला. मी म्हणालो, “साहेबांची सही झाली आहे. आता बदल नाही.” सुतळी त्याच्या हातातून घेतली आणि खिशात टाकली. का घेतली, मला आजही सांगता येणार नाही. बहुधा ती दुसऱ्या कुणाला दिसू नये म्हणून.

यापुढचं मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही.

त्या संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर मी थांबलो. स्टोअरची किल्ली माझ्याकडेच असे. सगळे गेल्यावर जॅक काढला, गाडी सरकू नये म्हणून पलीकडच्या बाजूच्या मागच्या चाकामागे एक वीट ठेवली आणि एकेक चाक उचलून सुतळी फिरवली. घामाघूम झालो. जॅक कुठे लावायचा तेही मला धड माहीत नव्हतं. मागच्या चाकाला सुतळी पहिल्या गाठीपर्यंत बरोबर आली. पुढच्या चाकाला दुसऱ्या गाठीपर्यंत. मी माझी बोटं टेकवून मोजली. माझी बोटं त्याच्यापेक्षा बारीक, म्हणून नऊ भरली.

तो बरोबर होता आणि मला ते कळलं होतं. पण टिपण गेलं होतं, शाबासकी मिळाली होती, रजिस्टरात नोंद झाली होती. ती खोडायची म्हणजे लाल शाईने कारण लिहून साहेबांची पुन्हा सही घ्यायची. कारण काय लिहिणार? रोजंदारीच्या ड्रायव्हरने सुतळीने मोजून दाखवलं? मी हात धुतले आणि घरी गेलो. बायकोने विचारलं, “शर्टाला काळं कसलं?” मी म्हणालो, “ग्रीसचा डबा सांडला.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीतून पाहिलं. ड्रायव्हर जीप मागे घ्यायला लागला आणि गाडी अडखळली. तो उतरला, चाकामागची वीट काढली, हातात धरून क्षणभर उभा राहिला आणि भिंतीकडे ठेवून दिली. वीट उचलायची मी विसरलो होतो.

पंधरा-वीस दिवस काही झालं नाही. मला वाटायला लागलं की काही होणारही नाही.

मग श्रावणात खानवेलच्या पलीकडच्या एका पाड्यावर नवे पाइप उतरवले होते, ते मोजायला मी जीपमधून गेलो. गाडीत आम्ही दोघंच होतो. जाताना चिखल होता, फोर-व्हील टाकूनच गेलो. परतताना चिखल संपून नव्या डांबराचा पट्टा लागला. ड्रायव्हर लहान दांडा सोडवायला गेला, तो हलेना. जीप घोगऱ्या आवाजात ओरडत होती. स्टिअरिंग त्याला दोन्ही हातांनी ओढावं लागत होतं. त्याने गाडी थांबवली, दहा-बारा फूट उलटी घेतली आणि दांडा खट्‌कन सुटला.

“बघितलं?” तो म्हणाला. एवढंच.

पुढे पुन्हा ओढ्याकाठचा चिखल आला, पुन्हा फोर-व्हील. ओढा ओलांडला की लगेच डांबरी चढ. दांडा पुन्हा अडकला. त्याने ब्रेक लावला.

“साहेब, उतरा. मी मागं घेतो. मागं ओढा हाय, सांभाळून घ्यावी लागंल. दहा मिनिटं लागतील.”

पावणेपाच झाले होते. पाइपांची पावती मला त्या दिवशीच साहेबांच्या टेबलावर ठेवायची होती. मी म्हणालो, “चल रे, वर सपाटीवर बघू. एवढ्याशा चढाला काय होतंय?”

मग त्याने गिअर टाकला.

चढाच्या मध्यावर खालून मोठा आवाज झाला. मागच्या चाकांना जोर देणारा गाडीखालचा लांब दांडा सांध्यातून तुटला होता आणि फिरता फिरता ब्रेकच्या पाइपवर आपटला होता. ताण सुटताच अडकलेला लहान दांडाही निसटला आणि पुढच्या चाकांचा जोर गेला. ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर होता, पण ब्रेक लागत नव्हता. त्या जुन्या जीपचा हँडब्रेकही त्याच दांड्यावर चाले, म्हणजे तोही गेला. गाडी मागे घसरायला लागली. माझ्या बाजूला ओढा होता. त्याच्या बाजूला दरड. त्याने स्टिअरिंग फिरवून त्याची बाजू दरडीवर घातली. चाक दगडाला धडकलं, स्टिअरिंग उलटं फिरलं आणि त्याच्या उजव्या मनगटावर बसलं.

माझ्या कपाळाला दोन टाके पडले. त्याचं मनगट तीन ठिकाणी मोडलं.

चौकशी आठवडाभरात झाली. वरून आलेले अधिकारी सभ्य होते. त्यांनी कागदावर प्रश्न लिहून आणले होते आणि मला एकेक विचारला.

“चढावर गाडी फोर-व्हीलमध्ये होती?”

“होय.”

“डांबरावर फोर-व्हील काढायची असते, हे ड्रायव्हरला माहीत होतं?”

“होय.”

“टायर?”

“मागचे दोन कोरे. महिनाही झाला नव्हता.”

मापाचं त्यांनी विचारलं नाही. “गाडी पुढे घ्या, असं कुणी सांगितलं होतं का?” हेही विचारलं नाही. मी दिलेलं प्रत्येक उत्तर खरं होतं. शपथेवर सांगितलं असतं तरी चाललं असतं. सुतळी माझ्या टेबलाच्या खणात होती, गुडघ्यापासून वीतभर अंतरावर.

ड्रायव्हरचा निष्काळजीपणा, असा निष्कर्ष निघाला. कायमच्या यादीतून त्याचं नाव कमी झालं आणि पुढच्या महिन्यापासून मस्टरवरूनही. प्लास्टर घातलेला हात गळ्यात अडकवून तो शेवटचा पगार घ्यायला आला, तेव्हा माझ्या टेबलापाशी थांबला.

“टायरचं सांगितलंत का साहेब?”

“त्यांनी विचारलंच नाही.”

“बरं,” तो म्हणाला आणि गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं मी कितीदा मनाशी म्हटलं आहे. पण ते म्हणणंही माझ्याच सोयीचं आहे.

जीप दुरुस्त होऊन आली तेव्हा मी चारही टायर सहाशे-सोळाचे मागवले. मंजुरी चार दिवसांत मिळाली.

त्यानंतर मला बढती मिळाली, दोन मुलं झाली. टोकरखाड्यातच मोठं क्वार्टर मिळालं. टेबल बदललं की मी खण रिकामा करायचो आणि सुतळी नव्या खणात ठेवायचो. फेकण्याचं धाडस नव्हतं, दाखवण्याचं तर नव्हतंच. सहा-सात वर्षं गेली. मग एका शिपायाकडून कळलं की खानवेलच्या बस थांब्याजवळ त्याने पंक्चरचं दुकान टाकलंय.

मी एक जबाब लिहिला. टायरचं माप मी निवडलं, ड्रायव्हरने सुतळीने मोजून दाखवलं, नंतर मी स्वतः मोजलं आणि गप्प बसलो, चढावर गाडी पुढे न्यायला मीच सांगितलं. दोन प्रती काढल्या आणि रविवारच्या बसने खानवेलला गेलो.

दुकान म्हणजे चार बांबू आणि वर ताडपत्री. तो ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. उजवं मनगट आत वळलेलं होतं. रिमवरून टायर काढायला जोर लागे, तेव्हा त्याची बायको पहार दाबायची. त्याने मला लगेच ओळखलं.

“या साहेब. गाडी कुठं?”

“बसने आलो. तुमच्याकडेच आलो.”

मी त्याला तुम्ही म्हटलं, हे त्याच्या लक्षात आलं असावं. मी खिशातून जबाब काढला. त्याने हात पुसले.

“काय हाय ते वाचा. माझा चष्मा नाय.”

मी जबाब वाचून दाखवला. बायको पहार टेकवून ऐकत होती.

“वीट नाय लिहिली,” तो म्हणाला.

“काय?”

“चाकामागं वीट लावली व्हती ना तुम्ही. जॅक पण भलत्याच ठिकाणी लावलेला, तिथला रंग निघालेला. मी सकाळीच बघितलं. म्हटलं, साहेबांनी मोजलं. आता सांगतील.”

मी हातातला कागद खाली केला.

“गेटापाशी मी गाडी चालू ठेवून थांबलो त्या दिवशी. तुम्ही खिडकीत व्हता. वाटलं, हाक माराल.”

“मग गाडी नेलीत कशाला? नाही म्हणायचं.”

त्याची बायको पहिल्यांदा बोलली. “नाव यादीत व्हतं ना त्यांचं. नाय कोण म्हणंल?”

मी खिशातलं पेन काढलं आणि जबाबाच्या खाली विटेचं लिहिलं. सकाळी ती कुणी काढली, हेही लिहिलं. मग ते वाचून दाखवलं. त्याने मान हलवली.

“आता बरोबर. पण याचं मी काय करू?”

“मी ऑफिसात देतो. तुमचं नाव पुन्हा...”

“या हातानं?” त्याने मनगट पुढे केलं. ते दाखवताना त्याच्या आवाजात राग नव्हता. एखादा निकामी स्पेअर पार्ट दाखवावा तसं दाखवलं त्याने.

मी सुतळी पुढे केली. त्याने ती डाव्या हाताने घेतली, दोन्ही गाठी चाचपल्या आणि परत दिली. “जबाबाला लावा. नुसत्या कागदावर कोण इश्वास ठेवंल?”

सोमवारी मी जबाब दिला, सुतळी टाचून. आवक क्रमांकाचा शिक्का बसला. तोवर जुने साहेब निवृत्त झाले होते. नव्या साहेबांनी मला बोलावून विचारलं, “फाइल कधीच बंद झाली आहे. तुम्हाला हे आत्ताच का सुचलं?” मला ताकीद मिळाली, एक वेतनवाढ थांबली. त्याला काहीच मिळालं नाही, साधं उत्तरही नाही.

शिक्का मारलेली प्रत घेऊन मी पुन्हा खानवेलला गेलो. तो नव्हता. बायकोने प्रत घेतली, घडी घालून पत्र्याच्या डब्यात ठेवली. मग एका मोटरसायकलचं चाक ओढून घेतलं आणि मला म्हणाली, “बस यायला येळ हाय. हे धरा जरा, ते येईपर्यंत.”

मी धरलं.