भिंतीपलीकडची इंदू

खुब्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी बाबांनी आईकडे बोट दाखवलं आणि मला हळूच विचारलं, "मुलीचं नाव इंदू ना? मला पसंत आहे."

इंदू हे आईचं माहेरचं नाव. लग्नात बाबांनीच ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'माधवी' लिहिलं आणि हळूहळू तिला इंदू म्हणणारं कुणी उरलंच नाही. बाबा तर जन्मभर नुसतं "अगं" म्हणत आले.

मी घाबरून डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, "रक्तातलं नको ते मेंदूत जाऊ नये म्हणून मध्ये एक बारीक भिंत असते. वय झालं की ऑपरेशननंतर ती कधीकधी झिरपते. बायकांची आणि पुरुषांची भिंत सारखी वागत नाही. का, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. बहुतेक होतील नीट."

मागे स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईनं शुद्धीवर येताच विचारलं होतं, "दूध तापवलंस का?" तिच्या भिंतीतून काहीच झिरपलं नव्हतं. बायका ती आयुष्यभर आतून लिंपतच असतात की काय, कोण जाणे.

दिवसभर बाबा "इंदू, इंदू" करत राहिले आणि आई पदर सारखा करत प्रत्येक हाकेला "ओ" देत राहिली.

सकाळी बाबांनी डोळे उघडले. "अगं, माझा चष्मा कुठाय?"

मला केवढं हायसं वाटलं! आईनं चष्मा पुसून त्यांच्या डोळ्यांवर ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आणखी एखादा दिवस चाललं असतं."