गळ्यातलं शून्य

माझ्या गळ्यात शून्याची पाटी अडकवली, तेव्हा हाताची हळद अजून ओली होती. राहुरीकडच्या एका शाळेत मी पोरांची खिचडी शिजवते. त्या दिवशी विज्ञान प्रदर्शन. सरांनी मैदानात फक्कीनं गोल आखून पोरांचाच अणू उभा केला, हेलियमचा. मधोमध अधिकच्या पाट्या घेतलेले दोघं, ते प्रोटॉन. गोलावर पळणाऱ्या दोघी उण्याच्या, इलेक्ट्रॉन. त्यातली एक माझी नात. शून्याचे, म्हणजे न्यूट्रॉन, दोन हवे होते. एक पोरगी आईबरोबर कांदे काढायला गेलेली.

सरांनी मला हाक मारली, "मावशी, या इकडं. काही करायचं नाही, नुसतं उभं राहायचं."

राहिले बाई उभी. शाळा समितीच्या अध्यक्षांची बायको पाहुणी म्हणून आलेली. मला खालवर बघून म्हणाली, "सर, शून्याला बाई अगदी बरोबर शोधलीत हो."

सगळं मैदान हसलं. माझी नातही हसली. भिऊन हसली असेल. पण हसली. तेवढं मला लागलं.

सर आपले सांगत राहिले. प्रोटॉनवर धन प्रभार, म्हणून ते एकमेकांना लोटतात. न्यूट्रॉनवर प्रभार नसतो, पण वजन असतं, आणि मधलं सगळं एकत्र धरून ठेवायला तो लागतो. मी ऐकत होते. साठी उलटली माझी, पण शून्य लिहिलेल्यालाही वजन असतं, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

मग फोटोची वेळ आली. सर जवळ येऊन हळूच म्हणाले, "मावशी, पाटी त्या पोराकडं द्या, तुम्ही जरा बाजूला व्हा. फोटो पेपरात द्यायचाय."

म्हणजे हसायला मी चालते. दाखवायला नाही.

"सर, मी हटनार न्हाई."

"अहो, पाहुण्या खोळंबल्यात."

"खोळंबू द्या. माझी नात बघतीय."

फोटो झालाच नाही. पाहुणी गाडीत बसून निघून गेली. हेडसरांनी बोलावून सुनावलं, "सोमवारी माफी मागा, नाहीतर आम्ही दुसरी बाई बघतो."

माफी मागणार नाही. सोमवारी मी वेळेवर जाणार, तांदूळ निवडणार, पातेलं चढवणार. मला काढायचं तर कागदावर काढा, आणि कारणही लिहा, की बाई फोटोतून हटली नाही. नातीच्या पुस्तकांवर मी वाचायला शिकलेय, उशिरा का होईना. तो कागद मी शाळेच्या फाटकात उभी राहून वाचणार. मोठ्यानं. पोरं आत शिरत असताना, नातीला शेजारी घेऊन.