रोहेकरणीचं नाव

माझं अक्षर चांगलं आहे, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची सगळी भानगड त्या अक्षराच्या घमेंडीतून झाली. पेणच्या कचेरीत मी कारकून म्हणून चिकटलो तेव्हा स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती. पहिल्या निवडणुकीच्या याद्या करायचं काम निघालं आणि खाडीकाठचं खारवळी गाव माझ्या वाट्याला आलं. चपला हातात घेऊन, चिखल तुडवत मी घरोघर फिरलो. पुरुषांनी आपली नावं धडाधड सांगितली. बायका मात्र दाराआड. त्यांची नावं विचारली की ओटीवरून पुरुषाचंच उत्तर यायचं, "लिवा, काळुरामची आय." नाहीतर, "लिवा, मोरूची बायको." मी लिहीत गेलो. सत्त्याऐंशी बायका, आणि एकीचंही नाव नाही. यादी मात्र इतकी सुबक उतरली की हेडक्लार्कनं ती बाकीच्या कारकुनांना नमुना म्हणून दाखवली.

त्या यादीत एक ओळ होती, 'केरू म्हात्रेची बायको'. ही तिची गोष्ट.

गाव तिला रोहेकरीण म्हणायचं. माहेर रोह्याकडचं, खांब गावाजवळ. भात आणि वाल पिकवणाऱ्या घरातली मुलगी लग्न करून मिठागरात आली आणि तीस वर्षं डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहत राहिली. आवाज असा, की ती एका बांधावर बोलली तर तिसऱ्या बांधावरचा माणूस "काय गो?" म्हणून विचारायचा. जेवलास का, हा साधा प्रश्नसुद्धा ती शिवी घालून विचारायची आणि उत्तराची वाट न बघता ताट वाढायची. मी तिच्याकडे पहिल्यांदा जेवलो तेव्हा घाबरून दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

दीड महिन्यानं वरून हुकूम आला. ज्या बाईचं स्वतःचं नाव यादीत नाही तिला यादीतून कमी करायचं. तिनं निवडणुकीच्या साहेबांसमोर येऊन आपल्या तोंडानं नाव सांगितलं, तरच ती मतदार. साहेब येत्या रविवारी खारवळीच्या शाळेत बसणार होते. म्हणजे माझ्या सुबक यादीनं सत्त्याऐंशी बायकांचं मत घालवल्यात जमा होतं. तोंड लपवत मी गावात गेलो आणि देवळापाशी बसलेल्या मंडळींना हे सांगितलं. ते बिलकूल हलले नाहीत.

"एका घरात एक मत पुरं," एक जण म्हणाला. "बाय काय वेगला टाकनार हाय?"

रोहेकरीण रस्त्यानं चालली होती. तिनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली.

"म्हंजे सरकार मला इचारतंय, की बाय, तुजा मत काय?"

"हो," मी म्हणालो.

"आनि तू लिवलास केरूची बायको?"

"तुमच्याच घरच्यांनी तसं सांगितलं."

"त्यांनी सांगितला. तुजी अक्कल काय मिठात पुरून आलेलास?"

मी काखेतली यादी काढून पुन्हा उघडली.

त्याच संध्याकाळी ती मला घेऊन घरोघर निघाली. मला वाटलं, बायका लाजतात, एवढाच प्रश्न आहे. तसं नव्हतं. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहायचं, ही रीत. नवरीला अक्षरओळख नाही. नवऱ्यानं कानात सांगितलं तर सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ती कुणाची तरी सून, पुढे कुणाची तरी आई, नाहीतर माहेरच्या गावावरून पडलेलं नाव. तांदळातलं नाव कोणी वापरायचंच नाही. निम्म्या बायकांना ते आठवेना. नवऱ्यांना विचारलं, तर त्यातल्याही काहींना आठवेना. जनूच्या म्हाताऱ्या आईचा नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती, आणि ते नाव ठाऊक असलेला तेवढा एकच माणूस होता.

"माजा नाव नाय गो," म्हातारी म्हणाली. "मला सोड."

रोहेकरीण तिच्यापुढे फतकल मारून बसली. "तुजी आय तुला काय हाक मारायची?"

म्हातारीनं पदर तोंडाला लावला. मग पदराआडूनच म्हणाली, "धोंडू. माज्या आदी दोन पोरं गेलेली, म्हनून धोंडू ठेवला. वायट नाव हाय."

"वायट कसला? जगलीस ना त्या नावानं?"

धोंडुबाई हसली. तिला दात नव्हते, पण काय सुंदर हसली! आणि तिथंच रोहेकरणीनं ठरवून टाकलं, की सगळ्यांनी आईनं ठेवलेलं नाव सांगायचं. ते कोणाला विचारावं लागत नाही आणि कोणाबरोबर जातही नाही.

परतताना बांधावर मी तिला विचारलं, "आणि तुमचं?"

"बायजा," ती म्हणाली. मग तेच पुन्हा हळू म्हणून पाहिलं. "आय मेल्याला सतरा वरसं झाली. त्याच्यानंतर कोनी ह्या नावानं बोलावला नाय. मताचा काय ता मी बगीन, भाऊसाहेब. पन मला ता नाव कागदावर पायजे."

रविवारी शाळेच्या पडवीत साहेब बसले, शेजारी मी. बायका रांगेनं आल्या आणि मान खाली घालून नावं सांगू लागल्या. नवऱ्याचं नाव मात्र कोणी घेईना, तेव्हा शेजारी उभा असलेला नवराच ते सांगायचा. रांगेतल्या शांतीचा नवरा मिठागरावर गेलेला, म्हणून तिनं सरळ उखाणा घेतला:

"खाडीला आली भरती, आगरात पिकला मीठ,
सखारामांचा नाव घेते, भाऊसाहेब लिवा नीट."

साहेबसुद्धा हसले. सगळं सुरळीत चाललं होतं. मग रोहेकरीण पुढे आली.

"नाव?"

"बायजा."

"नाय साहेब," शेजारून केरू म्हणाला. "चंद्रावती."

साहेबांनी चष्मा काढला. "दोघांचं जुळत नसेल तर मला नाव कमी करावं लागेल."

मागे उभ्या असलेल्या पुरुषांत कुजबुज सुरू झाली. माहेरचं नाव आमच्या घरात कशाला, असं एक जण मोठ्यानंच म्हणाला. हिचं नाव गेलं असतं तर मागची रांग घरी निघाली असती.

केरू दुष्ट नव्हता हो. उलट गावातला सगळ्यात गरीब स्वभावाचा माणूस. चंद्रावती हे नाव त्यानं स्वतः शोधलं होतं, आणि तांदळात चुकू नये म्हणून लग्नाआधी आठ दिवस मास्तरांकडे जाऊन गिरवलं होतं. ते नाव त्याच्या मनात जपलेलं होतं. तिलाही हे ठाऊक होतं, म्हणूनच असेल, ती त्याच्यावर ओरडली नाही. माझ्या माहितीत असं एकदाच घडलं.

"चांगला नाव हाय," ती म्हणाली. "कोन नाय म्हंतो? पन तीस वरसांत एकदा तरी हाक मारलात का त्या नावानं?"

केरूचा सगळा संसार 'अगो' आणि 'ऐक गो' यांवर झाला होता, आणि हे पडवीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. मिठानं भेगाळलेल्या आपल्या पायांकडे त्यानं बघितलं.

"लिवा साहेब," शेवटी तो म्हणाला. "बायजाच लिवा. तिच्या आयनं ठेवलाय."

मी लिहिलं. घाईत शाई फुटली. त्यानंतर कुठल्याच नवऱ्यानं बायकोच्या नावाबद्दल तोंड उघडलं नाही. सत्त्याऐंशीपैकी चौऱ्याऐंशी नावं त्या दिवशी यादीत बसली; तिघी माहेरी गेल्या होत्या.

पुढे रोहेकरीण भाचीच्या लग्नाला माहेरी गेली आणि तिथंही हळद लावायला जमलेल्या बायकांना तोच प्रश्न विचारत सुटली, आयनं काय नाव ठेवला? रोह्याच्या कचेरीतला माझ्या ओळखीचा एक कारकून मला वैतागून म्हणाला, तुमच्याकडची कोण बाई येऊन गेली, रोज दहा-दहा बायका यादी दुरुस्त करायला येतात. त्याला चहा पाजला मी. किती आनंद झाला होता मला!

मतदान त्याच शाळेत झालं. पुरुषांची रांग वेगळी, बायकांची वेगळी. बोटाला शाई लावायला मी खिडकीपाशी बसलो होतो. यादीवाल्यानं पुकारलं, "बायजा केरू म्हात्रे!"

कोणी पुढे आलं नाही. रोहेकरीण रांगेत पहिलीच उभी होती, पण समोर बघत होती, दुसऱ्या कोणाला तरी बोलावत असावेत तशी. यादीवाल्यानं पुन्हा पुकारलं. ती हलली नाही. तो पुढचं नाव वाचायला लागला.

तेवढ्यात पुरुषांच्या रांगेतून केरू जिवाच्या आकांतानं ओरडला, "अगो बायजा! तुलाच बोलवतात गो!"

सगळ्या शाळेनं माना वळवल्या. चारचौघांत नवऱ्यानं बायकोला नावानं हाक मारलेली खारवळीत कोणी ऐकली नव्हती. केरूनं स्वतःच तोंडावर हात ठेवला. ती दचकली. यादीवाल्याकडे नाही, त्याच्याकडे बघितलं तिनं. मग पदरानं डोळे पुसत पुढे आली आणि माझ्यासमोर बोट धरलं. माझेही डोळे भरले होते, सांगायला कसली लाज?

मत टाकून ती बाहेर गेली आणि खिडकीखाली केरूची वाट बघत थांबली. तो आल्याबरोबर तिनं त्याला फैलावर घेतलं.

"लोकांसमोर नाव घेता? लाज हाय का नाय?"

"चुकला माजा," केरू म्हणाला.

दोघं चालायला लागली. चार पावलं गेल्यावर ती थांबली, आणि त्या बाईला इतकं हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं.

"घरात घेतलात तर चालंल," ती म्हणाली.